रोडपालीची खाडी आणि पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी

विज्ञानाची पदवी हाती पडलेले विद्यार्थी आपल्या जुन्या शिक्षकांना भेटायला येतात तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात: पर्यावरणात एम.एस्सी. करावे का? पाठोपाठ दुसरा येतो. पर्यावरणशास्त्र घ्यावे, पर्यावरण व्यवस्थापन घ्यावे, की ते 'नॅचरल रिसोर्स गव्हर्नन्स' नावाचे नवे प्रकरण घ्यावे? माहितीपत्रकांवरून निवड करणे शिक्षकालाही जड जाते. मुखपृष्ठावर हिरवे पान ठरलेले असते आणि आत 'शाश्वत' हा शब्द सढळ हाताने वापरलेला असतो. म्हणून आम्ही माहितीपत्रके बाजूला ठेवून एक जागा निवडली. या अभ्यासक्रमांत जे शिकवतात ते या जागी नेले तर कितपत कामाला येते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

त्याआधी शब्दाविषयी थोडे. गव्हर्नन्ससाठी मराठीत प्रशासन, अभिशासन, सुशासन असे शब्द सुचवले जातात. आम्हांला आपला साधा 'कारभार' हा शब्द पुरेसा वाटतो. घरचा कारभार, देवस्थानचा कारभार, सोसायटीचा कारभार असे आपण म्हणतो तेव्हा कोण ठरवतो, कोणाला विचारून ठरवतो, हिशेब कोणापुढे ठेवतो आणि बिघडले तर जाब कोण विचारतो, हे सगळे त्यात येते. नैसर्गिक संसाधनांचा कारभार म्हणजे पाणी, जमीन, मासळी, वन यांच्याबाबत हेच प्रश्न. व्यवस्थापन ही त्यापुढची पायरी आहे. काय करायचे हे ठरल्यावर ते नीट कसे करायचे, एवढाच व्यवस्थापनाचा प्रश्न असतो.

आम्ही निवडलेली जागा म्हणजे पनवेल तालुक्यातील रोडपाली. कळंबोलीच्या उत्तर अंगाला, तळोजे औद्योगिक वसाहतीच्या बाजूला हे गाव आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या पट्ट्यातले हे एक. आता गावठाणाभोवती सिडकोच्या सेक्टरांच्या इमारती उभ्या आहेत, आणि २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. जवळून कासाडी नदी वाहते. ती औद्योगिक वसाहतीतून येते आणि खाडीला मिळते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर छापली गेली, ती याच परिसरातली. एका कारखान्याचे रंगद्रव्य बाहेर सोडले जात होते आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांच्या अंगावर रंग दिसला म्हणून बातमी झाली. बिनरंगी सांडपाण्याची तशी बातमी होत नाही.

नमुना घेतला, पण केव्हा?

आपल्या विद्यापीठांतील पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चा साचा साधारण ठरलेला आहे. परिसंस्था, पर्यावरणीय रसायनशास्त्र, विषशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, दूरसंवेदन, संख्याशास्त्र, कायद्यांचा एक पेपर, पर्यावरणीय आघात मूल्यमापनाचा एक पेपर आणि शेवटी प्रबंधिका. परीक्षक म्हणून अशा प्रबंधिका आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बहुतेकींचे शीर्षक 'अमुक नदीच्या (किंवा तलावाच्या) पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास' असे असते. तीन ठिकाणांहून पाणी आणायचे, सामू, विद्राव्य ऑक्सिजन, बी.ओ.डी., सी.ओ.डी., क्लोराइड मोजायचे, तक्ते करायचे आणि 'पाणी प्रदूषित आहे, शासनाने उपाय करावेत' असा निष्कर्ष काढायचा. कष्ट खरे असतात. प्रयोगशाळेतले हातही पुष्कळदा चांगले असतात. पण कासाडीसारख्या भरतीच्या पाण्यावर हा साचा कसा चालतो ते पाहा.

भरती रोज ५० मिनिटांहून किंचित जास्त उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर सुमारे सहा तासांचा होतो. दोन भरत्यांमधले अंतर १२ तास २५ मिनिटे असते. म्हणजे या रविवारी सकाळी अकरा वाजता पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी अकरा वाजता जवळजवळ ओहोटी असणार. आणि त्यापुढच्या रविवारी पुन्हा भरती. आता विद्यार्थी शहरात राहतो, सुट्टीच्या दिवशीच जाऊ शकतो, म्हणून तो एक रविवार सोडून एक रविवार, ठरल्या वेळी, अकरा वाजता नमुना घेतो. त्याला वाटते, वेळ सारखी ठेवली म्हणजे पद्धत शास्त्रीय झाली. प्रत्यक्षात तो दर वेळी भरतीच्या एकाच अवस्थेतले पाणी घेत असतो. भरतीला समुद्राचे पाणी आत शिरून सांडपाणी पातळ झालेले असते. ओहोटीला नाल्याचे पाणी जवळपास निखळ मिळते. एकाच नाल्याविषयी दोन विद्यार्थी दोन परस्परविरुद्ध प्रबंधिका लिहितील आणि दोघांचेही आकडे खरे असतील.

गंमत पुढे आहे. पंधरवड्यात ही अवस्था तंतोतंत तीच राहत नाही, चाळीस मिनिटांच्या आसपास सरकते. असे सरकत सरकत सुमारे साडेचार महिन्यांत भरतीच्या जागी ओहोटी येते. हिवाळ्याच्या सुरुवातीला भरतीचे नमुने घेणारा विद्यार्थी उन्हाळ्यात नकळत ओहोटीचे घेऊ लागतो, आणि 'उन्हाळ्यात प्रदूषण वाढते' असे लिहितो. तेही एक कारण असू शकेल. पण त्याच्या तक्त्यातला चढ ऋतूचा की चंद्राचा, हे त्या तक्त्यावरून सांगता येणार नाही.

ही गोष्ट कोकणातल्या कोळ्याला शिकवावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. मुंबईच्या किनाऱ्यासाठी हा ठोकताळा चांगला चालतो. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते, तेवढी दुरुस्ती करावी लागते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हा पाऊणपटीचा हिशेब कुठेच येत नाही, कारण पाठ्यपुस्तके नदी आणि समुद्र असे दोन विभाग करतात आणि खाडी मधल्या फटीत पडते.

सी.ओ.डी.चेही तसेच. या कसोटीत डायक्रोमेटने सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करतात. पण डायक्रोमेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते. म्हणून पाऱ्याचे सल्फेट घालून क्लोराइड बांधून ठेवायचे असते. लिटरमागे साधारण २००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत ही युक्ती विश्वासार्ह आहे. समुद्राच्या पाण्यात ते १९००० च्या घरात असते. भरतीच्या वेळचा नमुना नेहमीच्या पद्धतीने तपासला तर मीठच प्रदूषण म्हणून मोजले जाण्याचा धोका राहतो. कारखान्याच्या वकिलाने हा एक प्रश्न विचारला की प्रबंधिकेचा कागद न्यायालयात उभा राहत नाही. गावकऱ्यांच्या बाजूने दिलेली चुकीची साक्ष अखेर गावकऱ्यांनाच भोवते.

कायद्याचा पेपर

कायद्याच्या पेपरात सनावळी असते. जल अधिनियम १९७४, वायू अधिनियम १९८१, पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६, किनारा नियमन अधिसूचना १९९१ आणि तिच्या २०११ व २०१९ च्या आवृत्त्या, आघात मूल्यमापनाची अधिसूचना १९९४ आणि नंतर २००६. विद्यार्थी हे पाठ करतात. पाठ करण्यात वाईट काही नाही. पण रोडपालीच्या नाल्याकाठी उभे राहिल्यावर पहिला प्रश्न वेगळाच पडतो: हे पाणी कायद्याच्या दृष्टीने नदी आहे की समुद्र?

हा शब्दच्छल नव्हे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार अंतर्गत भूपृष्ठजलात सोडायच्या सांडपाण्याचा बी.ओ.डी. लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तर सागरी किनाऱ्याच्या पाण्यात सोडताना १०० पर्यंत. जिथे नदी संपून खाडी सुरू होते त्या रेषेच्या अलीकडे जे पाणी गुन्हा ठरेल ते पलीकडे नियमात बसते. ती रेषा निसर्गात नाही. भरतीबरोबर ती रोज चार वेळा पुढेमागे होते. कागदावर ती कुठेतरी काढावी लागते, आणि कोण काढतो, कोणत्या महिन्यातल्या मोजणीवरून काढतो, यावर खाडीतल्या मासळीचे भवितव्य ठरते. इथे रसायनशास्त्राचा पेपर आणि कायद्याचा पेपर एकत्र वाचावे लागतात. आमच्या पाहण्यात ते दोन वेगळ्या शिक्षकांकडे, दोन वेगळ्या सत्रांत असतात आणि त्यांची गाठ पडत नाही.

आघात मूल्यमापनाच्या पेपरात लिओपोल्डची सारणी शिकवतात. १९७१ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती प्रसिद्ध केली. आडव्या ओळीत माणसाच्या १०० कृती, उभ्या ओळीत पर्यावरणाच्या ८८ बाबी, म्हणजे एकूण ८८०० चौकोन. प्रत्येकात परिणामाची तीव्रता आणि महत्त्व एक ते दहा अशा गुणांनी भरायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या मानाने ते मोठेच काम होते. पण महत्त्वाचे गुण कोणी द्यायचे? खाडीवर जगणाऱ्या बाईच्या लेखी चिंबोरीचे महत्त्व दहा असेल, सल्लागाराच्या लेखी दोन. विद्यार्थी वर्गात बसून दोन्ही आकडे स्वतःच भरतो आणि त्याला गुण मिळतात. पुढे नोकरीतही तेच करतो. मूल्यमापनाचा अहवाल तयार करणारी संस्था प्रकल्पाच्या मालकानेच नेमलेली आणि त्यानेच मोबदला दिलेली असते, ही या व्यवस्थेची मूळ अडचण आहे. एम.एस्सी. झालेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला अशाच संस्थेतली नोकरी येते. त्यांना या अडचणीची कल्पना पदवी घेण्यापूर्वी द्यायला नको काय? ज्या अभ्यासक्रमात अहवाल लिहायला शिकवतात पण कोणाच्या पैशाने लिहायचा याची चर्चा करीत नाहीत, तो अपुरा आहे असे आम्ही म्हणू.

एका नाल्याचे नऊ धनी

आता कारभाराकडे वळू. रोडपालीच्या पाण्यावर कोणाकोणाचा अधिकार चालतो? संपादित जमीन सिडकोची. वसाहतीतील कारखाने एम.आय.डी.सी.च्या भूखंडांवर. त्यांना सांडपाण्याची संमती देणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ. गटारे आणि पावसाळी नाले यांचा कारभार सिडकोकडून टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे. तिवरांची जबाबदारी वनखात्याच्या २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाची. किनारा नियमनासाठी राज्याचे वेगळे प्राधिकरण. खारबंदिस्तीसाठी खारभूमी विकास खाते. मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय खाते. पूर आला की जिल्हाधिकारी. यांतल्या प्रत्येकाकडे नकाशा आहे, आणि आमच्या अनुभवाने सांगतो, दोन नकाशांत एकच नाला एकाच जागी सापडला तर नशीब.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे उदाहरण विद्यार्थ्यांनी मुळातून अभ्यासावे असे आहे. तळोज्याचे केंद्र अनेक वर्षे कारखानदारांच्या सहकारी संस्थेकडे होते. छोट्या कारखान्याला स्वतःचे केंद्र परवडत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एक चालवायचे, ही कल्पना उत्तम आहे. पण प्रत्येक सभासदाने आधी आपल्या दारात प्राथमिक प्रक्रिया करून मगच पाणी पुढे पाठवायचे असते. एकाने ती टाळली तर त्याचा खर्च वाचतो आणि बिघाड मात्र सगळ्यांच्या माथी जातो. सगळ्यांनी थोडी थोडी टाळली की केंद्र कोलमडते आणि दोष कोणा एकावर ठेवता येत नाही. कासाडीच्या प्रदूषणाचा वाद २०१८ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला, त्याच्या मुळाशी हे आहे. यात जिवाणूंचे शास्त्र थोडे आणि सभासदांच्या हिशेबाचे शास्त्र फार. विद्यार्थी असे केंद्र पाहायला जातात तेव्हा त्यांना वायुवीजनाची टाकी दाखवतात. संस्थेची नियमावली, सभासदांची वर्गणी कशावर ठरते, कोणाच्या नळावर मीटर आहे, हे दाखवत नाहीत, आणि विद्यार्थीही विचारत नाहीत.

दुसरे उदाहरण धारण तलावांचे. कळंबोलीचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली वसवलेला आहे. सगळी जमीन भराव टाकून उंच करण्याचा खर्च टाळण्यासाठी सिडकोने नवी मुंबईत डच पद्धत घेतली. खाडीच्या बाजूला बांध घालायचा, आत पावसाचे पाणी साठवायला मोठे तलाव ठेवायचे आणि खाडीकडच्या तोंडाला झडपा बसवायच्या. भरती आली की खाडीच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि तलावातले पाणी निघून जाते. यंत्र नाही, वीज नाही. पण झडपेत कचरा अडकला की ती मिटत नाही आणि भरतीचे गढूळ पाणी आत शिरते. गाळ बसतो. गाळ बसला की तिवरांची रोपे धरतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या अंतिम निकालाने तिवरांना संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तिवरे वाढलेल्या तलावातला गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. गाळ न काढावा तर तलावाची धारणशक्ती घटते, आणि २६ जुलै २००५ सारखा पाऊस भरतीच्या वेळी आला तर पाणी घरात येते.

तिवर की घर? परिसंस्थेच्या पेपरात तिवर श्रेष्ठ, अभियांत्रिकीच्या पेपरात तलाव श्रेष्ठ, कायद्याच्या पेपरात आदेश श्रेष्ठ. तिन्ही पेपरांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी इथे गप्प होतो. पण प्रश्न तेवढा अवघड नाही, फक्त तो उलट टोकाने सोडवावा लागतो. झडपेतला कचरा दर ओहोटीला काढणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे, आणि तो नसेल तर कधीपासून नाही? तिथून सुरुवात केली तर गाळ, तिवरे, न्यायालय हे सगळे पुढचे अध्याय ठरतात.

खारबंदिस्तीचा जुना कारभार

या पट्ट्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आलेला नाही. पनवेल, पेण, अलिबाग, उरण भागांत खाडीलगतच्या जमिनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या होत्या. बांधाला उघाडी असे. भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी राहणारी ती झडप म्हणजे धारण तलावाच्या झडपेची आजीच. बांधाला खांड पडली तर एकाचे शेत वाचत नाही, सगळ्यांचीच भातशेती खारवते, म्हणून बांधाखालचे शेतकरी मिळून तो राखीत. रायगडात या सामुदायिक व्यवस्थेला जोळ म्हणत. पुढे १९४८ च्या आणि मग १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे गेली. आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात तर जमीनच शेतकऱ्याची उरली नाही. बांध राखण्याचे कारण गेले, त्याबरोबर ते राखणारी माणसेही पांगली. संपादनाच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेले आंदोलन, त्यातले गोळीबारात गेलेले पाच जण, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो लढा जमिनीच्या किमतीसाठी होता, आणि तो न्याय्य होता. उघाडीवर असलेल्या अधिकाराची किंमत मात्र कोणत्याच तक्त्यात धरली गेली नाही.

गोव्यात याच व्यवस्थेला खाजन म्हणतात आणि झडपेला मानस. तिथे गावकरी संस्था मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करीत आणि बांध राखणे हाही त्याच गावकारभाराचा भाग होता. शेतकऱ्याला खारे पाणी आत नको असते, मासळीवाल्याला हवे असते. दोघांचा झगडा एकाच झडपेवर, आणि त्याचा निवाडा गावात. कुळकायद्यानंतर ही व्यवस्था कुळांच्या संघटनांकडे आली आणि मासळीचे उत्पन्न भाताहून जास्त होऊ लागले तिथे झडपा अधिक वेळ उघड्या राहू लागल्या, शेते खारवली. जुने सगळे चांगलेच होते असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. गावकरी संस्थांत कोणाला स्थान होते आणि कोणाला नव्हते, हेही विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे.

संसाधनांच्या कारभाराचा अभ्यास म्हटला की दोन नावे येतात. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडले की सामायिक कुरण नष्ट होणे अटळ आहे, कारण प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनमधले पाटाच्या पाण्याचे कारभार, स्वित्झर्लंडमधली कुरणे, जपान आणि फिलिपीन्समधली गावे अभ्यासून १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की अटळ काही नाही. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, देखरेख ठेवणारा त्यांना उत्तरदायी असेल आणि दंड पायरीपायरीने वाढणारा असेल, तर सामायिक संसाधने शतकानुशतके टिकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. जोळ आणि मानस ही या सिद्धांताची आपल्या दारातली उदाहरणे आहेत. तळोज्याची कारखानदारांची सहकारी संस्था हेही एक उदाहरण आहे, फसलेले. पण आपले विद्यार्थी स्पेनची उदाहरणे इंग्रजीत पाठ करतात आणि उघाडी हा शब्द त्यांनी ऐकलेला नसतो.

जे वेगळे करू पाहतात

महाराष्ट्रात वेगळे काही होतच नाही असे नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आपल्या तुळजापूरच्या आवारात शाश्वत उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनांचा कारभार या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू केला. असा विषय मुंबईबाहेर, दुष्काळी भागात शिकवायचा हा निर्णयच अर्धे शिक्षण आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करते. तिथल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना गावात राहून काम करावे लागते, आणि ज्या नळयोजना बंद पडल्या त्या का पडल्या हे पंप आणि ग्रामपंचायत अशा दोन्ही बाजूंनी तपासावे लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ग्रामपंचायतीचे दप्तर वाचायला लावणे ही आमच्या मते मोठी गोष्ट आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम चालवला, नोकरी-व्यवसाय सांभाळून येणाऱ्या प्रौढांसाठी. पदवीच्या बाजारात त्याची किंमत काय, हा प्रश्न विचारणारे त्या वाटेला गेले नसतील. पण जे गेले ते नदीकडे नदी म्हणून पाहायला शिकले.

या प्रयत्नांवर आमचा आक्षेप एकच आहे, आणि तो आपुलकीतून आहे. कारभार शिकवणाऱ्यांचे लक्ष बहुतांशी गावाकडे, पाणलोटाकडे आणि जंगलाकडे असते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, ते उदाहरण प्रत्येक वर्गात येते आणि यायलाच हवे. पण तिथे ग्रामसभा आहे, हद्द आहे, वन आहे. रोडपालीत गाव आहे पण ग्रामपंचायत उरली नाही. नदी आहे, पण पिण्याची नाही आणि शेतीची नाही. जुने रहिवासी थोडे, नवे पुष्कळ, आणि नव्यांना आपण समुद्रसपाटीच्या कोणत्या बाजूला राहतो हेही ठाऊक नाही. हे ना खेडे ना शहर. विज्ञानाचे विद्यार्थी इथे बाटली भरून घेऊन जातात, कारभाराचे विद्यार्थी इथे फिरकत नाहीत. महाराष्ट्रातली किती तरी माणसे आता अशाच ठिकाणी राहतात: चाकण, बदलापूर, वाळूज, बुटीबोरी. त्यांच्या नाल्यांसाठी कोणते विद्यापीठ माणसे तयार करते आहे?

भाषेचा मुद्दा याला जोडूनच येतो. हे सगळे शिक्षण इंग्रजीत चालते, तर कारभाराचे दप्तर मराठीत असते. सातबारा, फेरफार, इतर हक्कांचा रकाना, जुन्या ठरावांच्या वह्या. २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायला सांगितले आहे. हे सारांश वाचून पाहावेत. ज्याने ते मराठीत लिहिले त्याला विज्ञान कळलेले नसते, किंवा ज्याला कळले त्याला मराठी येत नसते. पर्यावरणाच्या एम.एस्सी.त शंभर गुणांचा एक पेपर असा हवा की ज्यात एका खऱ्या अहवालाचा चार पानी मराठी सारांश लिहायचा आणि तो गावातल्या दहा माणसांना वाचून दाखवून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. परीक्षक त्या दहांतलाच एक असावा. विद्यापीठाच्या नियमांत हे बसणार नाही, हे आम्ही जाणतो.

शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर पर्यावरण शिक्षण सक्तीचे झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे. पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा समान अभ्यासक्रम २००३ मध्ये आला. त्या सक्तीतून जे प्रकल्प निघाले त्यांपैकी बरेचसे दुकानात विकत मिळतात, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. पण सक्ती आहेच तर तिचा उपयोग करून घेता येतो. पनवेल, उरण, ठाणे, वसई, रत्नागिरी, कुठल्याही खाडीकाठच्या शाळेत नववीच्या मुलांनी महिनाभर एका खांबावर रोज पाण्याची रेघ टिपावी, तिथीची पाऊणपट करून ताडावी, आणि खाडीच्या तोंडापेक्षा आपल्याकडे भरती किती उशिरा येते ते काढावे. नाल्याच्या झडपेला कोण हात लावतो ते विचारून यावे. वर मोजलेल्या नऊ धन्यांपैकी तिघांची तरी नावे मुले घेऊन येतील आणि तिघेही चौथ्याकडे बोट दाखवतील. ती वही जपून ठेवावी. पाच-दहा वर्षे साठलेल्या अशा वह्या कोणत्याही प्रबंधिकेहून मोलाच्या ठरतील, कारण त्यांत वेळ लिहिलेली असेल.

आणि एम.एस्सी.विषयी विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी विभागात जाऊन ग्रंथालयातल्या मागच्या तीन वर्षांच्या प्रबंधिका चाळायला सांगावे. नमुना घेताना भरती होती की ओहोटी, किंवा नदी असेल तर वरच्या धरणातून पाणी सोडले होते की नाही, याची नोंद आहे का? पाणी तपासणाऱ्याने त्या पाण्याच्या एकाही धन्याचे दप्तर उघडले आहे का? आणि ज्या गावाचे पाणी बाटलीत भरून नेले, त्या गावाकडे निष्कर्षांची एखादी मराठी प्रत परत गेली का? शेवटचे विभागप्रमुखांना न विचारता गावात विचारावे.